परत येणारी चकती

पैशांचं संग्रहालय बघायला जायची कल्पना आत्याची. तिने उभं आयुष्य बँकेच्या खिडकीमागे बसून दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या होत्या. आता निवृत्तीनंतर कुणी काचेत ठेवलेले पैसे नुसते बघायला बोलावत असेल, मोजायची सक्ती नसेल, तर जाऊन यावं असं तिचं म्हणणं. शिवाय साठीपुढच्यांना अर्धं तिकीट होतं.

"म्हणजे वहिनीचं आणि माझं मिळून एकच," तिने फोनवर चिंगीला सांगितलं. "तुझं मात्र पूर्ण. तू पडलीस अजून कोवळी."

चिंगीने चाळिशी कधीच ओलांडली होती. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची, तिच्या टेबलाशी येणारे लेखक तिला वचकून असायचे, आणि तरी घरात ती चिंगीच होती. घरातली नावं वयाला जुमानत नाहीत.

"सुट्टी काढ," आत्या म्हणाली. "तुझ्या आईला घराबाहेर काढायचंय."

"आई बरी आहे की गं."

"कसली बरी! भांडत नाही ती. परवा मी मुद्दाम म्हटलं, वहिनी, तू शिवलेला ब्लाउज मला खांद्यात उतरतो. तर म्हणाली, 'द्या, नीट करून देते.' मला तर बाई धडकीच भरली."

यावर चिंगीला हसू आलं आणि मग ते अर्ध्यातच राहिलं, कारण आत्याचं खरं होतं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आईने डोळे गाळत बसायचं टाळलं होतं, कामही सोडलं नव्हतं. शाळांचे गणवेश शिवून वेळेवर पोचत होते, दोन वेळचं जेवण होत होतं, कपाटं आवरली जात होती. फक्त तिच्यातला तिखटपणा कुणीतरी काढून नेला होता. बाबांचे बूट, चष्मे, कोट ज्याला जे हवं ते देऊन झालं, तेव्हाही ती दारात उभी राहून 'न्या, न्या' म्हणत होती. आणि तिच्या मागे उभी असलेली चिंगी प्रत्येक वेळी म्हणत होती, "जाऊ दे आई." याखेरीज काय बोलायचं हे इतकी पुस्तकं वाचूनही तिला सापडलं नव्हतं.

तर तिघी निघाल्या.

संग्रहालयाची इमारत पूर्वी टांकसाळ होती. भिंती अशा जाड की आत शिरल्याबरोबर रस्त्याचा गोंगाट कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा बंद झाला. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने तिकिटांबरोबर प्रत्येकीच्या हातात एकेक जुनं, जाड नाणं ठेवलं.

"हे कशाला?" आत्याने नाणं उलटसुलट करून पाहिलं. पैसा फुकट मिळाला की तिला आधी संशयच यायचा.

"शेवटच्या दालनात वजनाचं यंत्र आहे, मॅडम. जुनं. त्यात टाकायचं. आजची नाणी त्याला चालत नाहीत."

चिंगीने पटकन आईकडे पाहिलं. वजनाचं यंत्र! हे तिला माहीत असतं तर तिने दुसरं काहीतरी काढलं असतं. प्राणिसंग्रहालय होतं, बागा होत्या. बाबांनी जन्मभर असल्या यंत्रांशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. नाणं टाकून चालणारी यंत्रं, म्हणजे आगगाडीच्या फलाटावरचे वजनकाटे, नाटकगृहातले गोळ्यांचे डबे, रस्त्यावरचे टेलिफोन, हे सगळं दुरुस्त करत ते गावोगाव फिरले होते. आत्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती एकदम छताच्या नक्षीचं कौतुक करायला लागली.

आईने नाणं पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "चला. उभं राहून पाय दुखतात. चाललं की नाही दुखत."

पहिल्या दालनात कवड्या होत्या. मिठाच्या वड्या, चहाच्या विटा, पिसांचे पट्टे, लोखंडी कांबी. कुणी कुठे कशावर विश्वास ठेवला याचा नेम नव्हता.

"कवडीची किंमत नाही म्हणून नाकं मुरडतो आपण," आत्या म्हणाली, "आणि इथे तिकीट काढून बघतोय."

"तेही अर्धंच," आई म्हणाली.

आत्याने चिंगीला कोपर मारलं. सुरुवात वाईट नव्हती.

पुढच्या दालनाच्या मधोमध दगडाचं नाणं उभं होतं, गाडीच्या चाकाएवढं, मध्ये भोक असलेलं. दूरच्या बेटांवर असलं नाणं जागचं हलवत नसत. आता हे अमक्याचं झालं एवढं सगळ्या गावाने लक्षात ठेवलं की झालं, असं खाली लिहिलं होतं. आईने त्याच्याभोवती एक फेरी मारली. शिंप्याच्या नजरेने तिने त्याचा घेर काढला असावा.

"विसरलं तर एखादं?" ती म्हणाली.

"विसरतील कसे? गाव असतं ना," आत्या म्हणाली. "आपल्याकडे बघ, कोणाची सून कोणाशी काय बोलली हे वर्षानुवर्षं विसरत नाहीत. दगड काय विसरणार?"

"तुम्ही तर मुळीच नाही, वन्सं."

"हे बघ! हे बघ, आली जागेवर!" आत्या इतक्या आनंदाने ओरडली की समोरच्या गृहस्थांनी माहितीपत्रक खाली करून पाहिलं.

नोटांच्या दालनात आत्याला आवरणं कठीण झालं. एका देशात पैसा इतका स्वस्त झाला होता की एकेका नोटेवर मुंग्यांची रांग लागावी तशी शून्यं होती. आत्या काचेला नाक लावून ती मोजू लागली, दोनदा चुकली, आणि 'बँकेत मी हे लिहून दिलं असतं तर मला घरी पाठवलं असतं' म्हणाली. चिंगी मात्र छपाईचे साचे बघत राहिली. उलटी अक्षरं, केसासारख्या रेघा. एका साच्यात अर्धवट सोडलेला चेहरा होता. खोदणाऱ्याने फक्त एक डोळा पुरा केला होता. कामावरून मध्येच उठून गेल्यासारखा.

खोट्या पैशांचं दालन लहानसं होतं. मातीचे साचे, शिसं वितळवायची पळी, ब्रशाने रंगवलेल्या नोटा. दाराशी एक रखवालदार स्टुलावर बसला होता. ऐसपैस देहाचा, मिशा छान विंचरलेल्या. या दालनाचा त्याला विशेष अभिमान दिसला.

"नीट बघा," तो आपणहून म्हणाला. "माणूस काय काय करतो! असल्यांतले निम्मे पकडले गेले."

"आणि बाकीचे निम्मे?" आईने विचारलं.

"ते इथे नाहीत ना मग," रखवालदार म्हणाला, आणि हे आपण फार मार्मिक बोललो हे त्याचं त्यालाच आवडलं.

तिथून शेवटच्या दालनात जायचं. दारातून आत पाऊल टाकताच चिंगीला ते दिसलं: माणसापेक्षा उंच, गडद लाल रंगाचं, बिडाचं वजनाचं यंत्र. वर घड्याळासारखी तबकडी, तिच्याखाली नाणं टाकायची खाच, पायांशी उभं राहायची जाळीदार पायरी. नव्याने रंगवलं होतं आणि गुडघ्याच्या उंचीवर पितळी पाटी लावली होती, यंत्राची माहिती सांगणारी. समोर कुठल्याशा शाळेची मुलं रांगेत उभी होती, हातात आपापलं नाणं घट्ट धरून. एकेक मूल चढायचं, नाणं टाकायचं, काटा थरथरत फिरायचा आणि खालून वजनाचं तिकीट बाहेर यायचं. मग ते मूल आपलं वजन सगळ्यांना ओरडून सांगायचं.

"आपण नको थांबायला," चिंगी म्हणाली. "रांग आहे."

"रांग आहे म्हणून तर थांबायचं," आई म्हणाली आणि मुलांच्या मागे जाऊन उभी राहिली.

आता इथे बाबांची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. बाबांनी पितळेच्या पत्र्यातून कानशीने घासून चकत्या केल्या होत्या. आकाराने अगदी नाण्याएवढ्या, पण वजनाला हलक्या. कुठलंही यंत्र दिसलं की ते आधी चकती टाकायचे. यंत्र शहाणं असेल तर हलका माल ओळखायचं आणि खालच्या वाटीत खण्ण करून परत द्यायचं. परत दिलं की बाबा यंत्राला थोपटायचे आणि मग खिशातून खरं नाणं काढून टाकायचे. आणि यंत्राने चकती गिळली, तर समजायचं की याच्या पोटात काहीतरी बिघाड आहे. मग बाबा हत्यारांची पिशवी उघडून तिथेच मांडी ठोकायचे. सहलीला गेलं तरी हेच. लग्नाच्या खरेदीला गेलं तरी हेच. आई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा माझीही चकती टाकूनच परीक्षा घेतली असेल ह्यांनी." बाबा म्हणायचे, "घेतली की. गिळलीस तू. तेव्हापासून दुरुस्त करतोय."

बाबा गेल्यावर हत्यारांची पिशवी त्यांच्या एका जुन्या सोबत्याने नेली. त्यातच चकत्याही गेल्या असं चिंगीने धरून चाललं होतं.

आईची पाळी आली तेव्हा तिच्यामागेही त्याच शाळेची आणखी मुलं येऊन उभी होती. पायरीवर चढून तिने पर्स उघडली, आत दोन बोटं घातली, खाचेत काहीतरी टाकलं आणि हात खाली, गुडघ्यापाशी धरून उभी राहिली. जन्मभर असंच करत आल्यासारखी.

काटा हलला नाही. तिकीट आलं नाही. आणि खण्ण असा आवाजही आला नाही.

आईचा हात तसाच, हवेत. चिंगी पुढे झाली. आईच्या उघड्या पर्समध्ये तिकिटाबरोबर मिळालेलं जाड नाणं जसंच्या तसं होतं.

"आई, काय टाकलंस तू?"

"चकती," आई म्हणाली. "एक माझ्याकडे होती. त्यांनी मला दिलेली." आणि मग अगदी हळू, "परत नाही आली गं."

वर्षभरात चिंगीने आईचा चेहरा इतका उघडा पाहिला नव्हता. ज्या दिवशी पाहायला हवा होता, त्या दिवशीही नाही.

"काय झालं? काय झालं?" रखवालदार मिशा सावरत आला. "मावशी, खाली उतरा. मुलं खोळंबलीत."

"माझी चकती अडकलीय आत."

"चकती? नाणं टाकायचं होतं."

"नाणं नंतर. आधी चकती टाकून बघायची असते. हलकी असली तर परत येते."

रखवालदाराला हे उमजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला, जसा मासा गळाला लागल्यावर कोळ्याचा उजळावा.

"म्हणजे खोटं नाणं," तो म्हणाला. "पैशांच्या संग्रहालयात येऊन तुम्ही यंत्रात खोटं नाणं टाकलंत. शेजारच्या दालनात असली माणसं मी काचेत ठेवलीत, मावशी!"

"खोटं कसलं? परीक्षेचं आहे ते. तुमचं यंत्र बिघडलंय."

"तुम्ही खोटं नाणं टाकलंत आणि बिघाड यंत्रात?"

"मग कोणात? शहाण्या यंत्राने परत दिलं असतं. ह्याने गिळलं. हावरट आहे तुमचं यंत्र."

रांगेतली मुलं खिदळली. आत्या मघापासून भिंतीकडे तोंड करून उभी होती. बँकेतली इतकी वर्षं, एका पैचा डाग नाही, आणि आता भावजय खोट्या नाण्यासह जागेवर सापडली. पण रखवालदाराने जरा जास्तच आवाज चढवून 'उतरा म्हणतो ना' म्हटल्याबरोबर ती गर्रकन वळली. घरात वहिनीला बोलायचा हक्क आत्याचा होता; तो तिने बाहेर कुणाला वाटला नव्हता.

"अहो, आवाज खाली," ती म्हणाली. "खोटी नोट ओळखण्यात जन्म गेलाय माझा. माझ्या वहिनीत काही खोट असती तर ती माझ्या हातून सुटली असती होय? यंत्र उघडा आणि वस्तू काढून द्या."

"आणि तोवर त्यांनी खाली उतरायचं."

"मी उतरणार नाही," आई म्हणाली. दोन्ही हातांनी तिने यंत्राच्या बाजू धरल्या. "मी उतरले की तुम्ही म्हणाल, कुठली चकती आणि कसली चकती."

आईचं हे रूप चिंगीने लहानपणी पाहिलं होतं, कापडाच्या दुकानदारांपुढे. त्या पायरीवर ती अशी उभी होती की यंत्रासकट उचलल्याशिवाय तिथून हलणार नाही.

रखवालदाराने सुस्कारा टाकला आणि कमरेची किल्ली काढली. यंत्राच्या पाठीमागे नाण्यांचा गल्ला होता. रोज संध्याकाळी तो उघडून नाणी परत तिकिटाच्या खिडकीत द्यायची असत. त्याने गल्ला ओढून काढला, जमिनीवर ओतला. सगळी जाड, सारखी नाणी. आत्याने सराईत बोटांनी ती पसरली, भराभर बाजूला सारली. एकदा, दोनदा.

"नाही ह्यात," ती म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला.

"बघा," रखवालदार म्हणाला. आता तो चिडलेलाही नव्हता. "मावशी, पर्समध्येच राहिली असेल. होतं असं."

"मी टाकली. माझ्या हाताने टाकली."

यंत्राच्या बाजूवरची तिची बोटं सैल झाली. आणि चिंगीच्या तोंडून ते निघून गेलंच, वर्षभराची सवय:

"जाऊ दे, आई."

आईने तिच्याकडे पाहिलं. पायरीमुळे आई तिच्यापेक्षा उंच झाली होती, आणि फार दिवसांनी चिंगीला आपण खरंच तिची मुलगी आहोत असं वाटलं.

"सगळं जाऊच दिलं की, चिंगे," आई म्हणाली. "बूट दिले, कोट दिला, पिशवी दिली. मी काही म्हटलं? हे नाही जाऊ द्यायचं मला."

चिंगी रखवालदाराकडे वळली आणि छापखान्यातल्या आवाजात म्हणाली, "यंत्र कोण दुरुस्त करतं तुमच्याकडे? त्यांना बोलवा. आम्ही थांबतो."

"सगळे थांबतो," रांगेतली एक मुलगी म्हणाली. तिची शिक्षिका 'शूऽऽ' म्हणाली; पण तिचाही पाय निघेना, हे उघड दिसत होतं.

दुरुस्तीवाली तळघरातून आली. तिशीची असेल. अंगात डागाळलेला एप्रन, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, हातात बॅटरी. रखवालदाराने एका दमात सगळा गुन्हा सांगितला. तिने तो ऐकला न ऐकला आणि थेट आईला विचारलं, "काकू, चकती परत यायची म्हणजे कुठे यायची?"

"खाली. गुडघ्यापाशी." आईने हात पुन्हा तिथेच नेला. "इथे वाटी असते. चमच्याएवढी. ह्या अशा यंत्रांना असतेच."

तिचा हात पितळी पाटीवर टेकला.

दुरुस्तीवालीने पाटीकडे पाहिलं. मग आईकडे. मग परत पाटीकडे. तिचे कान आधी लाल झाले, मागून गाल.

"अगं आई गं," ती म्हणाली.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"तिथे एक भोक होतं. वेडंवाकडं, गंजलेलं. मला वाटलं, कुणी नंतर कापलं असेल. दिसायला वाईट दिसत होतं. आणि पाटी बरोबर त्या मापाची..." तिने कपाळावर हात मारून घेतला. "मीच लावली. मी स्वतः!"

"त्याचं तोंड बांधलंत होय!" आई म्हणाली.

"आणि वर छान पॉलिशही केलं, काकू."

ती खाली बसली आणि पेचकसाने पाटीचे स्क्रू सोडवू लागली. आत्याही वाकली, रखवालदारही वाकला, मुलांनी तर रांग मोडून वेढाच घातला. शेवटचा स्क्रू निघाला, पाटी बाजूला झाली, आणि यंत्राने आजवर धरून ठेवलेलं सगळं भडाभडा ओकून टाकलं.

खण्ण, खणखण, खणखणखण! नाणी फरशीवर उधळली, गडगडत बाकांखाली गेली. आजची नाणी, परदेशी नाणी, शर्टाची बटणं, एक सायकलच्या कुलुपाची किल्ली, चॉकलेटच्या चंदेरी कागदाची घडी घालून केलेलं नाणं, चपट्या पितळी सोंगट्या, कोटाला लावायचा बिल्ला. मुलांनी टाळ्या पिटल्या. रखवालदार एकेक वस्तू उचलून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरत चाललं होतं.

"एवढे लबाड!" तो म्हणाला. "एवढे लबाड माझ्या डोळ्यांदेखत! आणि लोक मला म्हणत होते, यंत्र पैसे खातं."

"खात नव्हतं बिचारं," आई म्हणाली. "परत द्यायला वाट नव्हती त्याला."

ती आता पायरीवरून उतरली होती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे; गुडघे टेकून ती त्या पसाऱ्यात हात फिरवत होती. चिंगीही शेजारी बसली. पितळी दिसेल ते उचलावं आणि आईपुढे धरावं. हे? नाही, बटण. हे? नाही गं, ही सोंगटी. मग आईनेच एक उचललं, कडेवरून नख फिरवलं, थांबली.

"खाच आहे," ती म्हणाली. "सुट्ट्या पैशांत मिसळू नये म्हणून कानशीने केलेली. काळोखातही कळायला हवी म्हणायचे."

तिने चकती चिंगीच्या तळहातावर ठेवली. हलकी होती. कड मात्र इतकी गोल, इतकी नीट घासलेली की कुठे हात अडखळत नव्हता, त्या एका खाचेशिवाय. चिंगीने अंगठा तिथे ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. आत्याने नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे म्हणाली.

दुरुस्तीवालीने चकती मागून घेतली, भिंगाखाली धरली, बोटाने तोलली.

"काकू, हे आमच्याकडे नाही," ती म्हणाली. "खोटी नाणी पोत्याने आहेत, पण यंत्राची परीक्षा घ्यायची चकती, तीही दुरुस्त करणाऱ्याने हाताने केलेली... तुम्ही संग्रहालयाला द्याल का? ह्याच यंत्राशेजारी काचेत ठेवू. काकांचं नाव लिहू."

आत्याने चिंगीचा दंड धरला. दादाचं नाव भिंतीवर! चिंगीच्या डोळ्यांपुढेही ते आलं. पितळी अक्षरं, त्यात एकही चूक नाही. ती स्वतः तपासून देईल. आई आता हो म्हणेल. एवढं सुंदर विचारल्यावर कोण नाही म्हणेल?

"नाही," आई म्हणाली.

"वहिनी!"

"नाही म्हणजे नाही, वन्सं. काचेत बसून ती काय करणार? वापरायची वस्तू आहे." दुरुस्तीवालीच्या हातातून तिने चकती घेतली, यंत्रावर चढली आणि खाचेत टाकली. आत्याने डोळेच मिटले.

खण्ण. वाटीत.

आईने यंत्राला दोनदा थोपटलं. मग पर्समधलं जाड नाणं टाकलं. काटा थरथरला, फिरला, तिकीट आलं. तिने ते दूर धरून वाचलं.

"ह्यात बिघाड आहेच अजून," ती म्हणाली. "एवढी नाहीये मी."

"एवढीच आहेस," आत्या म्हणाली.

"तुमचा ब्लाउज खांद्यात उतरत नाही, वन्सं. तुमचे खांदे उतरलेत. मी त्या दिवशी बोलले नाही, एवढंच."

आत्याचा चेहरा असा फुलला की जणू कुणी तिचा सत्कारच केला.

दुरुस्तीवाली अजून तिथेच घुटमळत होती. "निदान मापं घेऊ द्याल का? मला तशीच एक करायची होती. रोज सकाळी यंत्र तपासायला. पण वजन इतकं नेमकं कसं साधलं, घासलं कसं, ते बघावं लागेल."

"त्यांच्या कानशी आहेत घरी," आई म्हणाली. "पिशवी गेली, पण कानशी माझ्या शिवणाच्या खणात राहिल्या होत्या, कात्रीला धार लावायला. पत्राही असेल माळ्यावर. मला स्वतःला येत नाही, पण कसं धरायचे ते मी इतकी वर्षं बघितलंय. रविवारी या. जेवायलाच या."

चिंगीने आईकडे पाहिलं. वर्षभरात त्या घरात कुणाला जेवायला बोलावलं नव्हतं. समाचाराला येणारेही पाणी पिऊन उठत.

"नक्की येते," दुरुस्तीवाली म्हणाली.

"आणि तुम्ही हो," आई रखवालदाराला म्हणाली, "ते लबाडांचं सगळं काचेत ठेवा. त्याची खरी जागा आहे ती."

"तेच ठरवलंय, मावशी," रखवालदार म्हणाला. चंदेरी कागदाचं नाणं त्याने आधीच रुमालात बांधून घेतलं होतं.

तिघी बाहेर आल्या. टांकसाळीच्या रुंद पायऱ्यांवर ऊन पसरलं होतं. आई पायऱ्या उतरता उतरता बोलत होती: जेवणाच्या टेबलावरचे कापडाचे ठाण हलवायला हवेत, तो कोपऱ्यातला दिवा लागत नाही, माळ्यावर कोण चढणार, चिंगी तू चढ, शनिवारीच ये राहायला, वन्सं तुम्ही काही करू नका, तुम्ही नुसतं सांगता. आत्या म्हणत होती, सांगणाराही लागतोच कुणीतरी. मध्येच आई थबकली.

"ती मुलगी तिखट खाते का ते विचारायचं राहिलं."

"कळेल गं रविवारी," चिंगी म्हणाली.

"रविवारी कळून काय उपयोग? स्वयंपाक झालेला असेल तोवर."

आणि ती वळून परत पायऱ्या चढायला लागली, भराभर, पर्स काखेत मारून. दारातल्या माणसाने तिकीट विचारलं असावं, कारण तिचा हात उंचावलेला दिसला आणि 'आत्ताच तर गेले ना मी!' हे शब्द खालपर्यंत आले.

आत्या पायरीवर रुमाल अंथरून ऐसपैस बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बस गं," ती चिंगीला म्हणाली. "तुझी आई आता तासभर येत नाही."